अक्का आणि माझ्या म्हशीचं ताक

आमची अक्का कोणालाही कसा आहेस, बरा आहेस का, असं विचारत नसे. माणूस दारात चप्पल काढतो न काढतो तोच तिचा सवाल यायचा, "पोट साफ शे का?" मग तो तलाठी असो की माझ्यासारखा चौथीत शाळा सोडलेला. माझ्या मुलीला पाहायला लोक आले तेव्हा मुलाच्या बापालाही तिने हेच विचारलं. मी मान खाली घातली. तो गृहस्थ आधी लाल झाला, मग सरसावून बसला आणि अर्धा तास आपल्या आंबट ढेकरांबद्दलच बोलत राहिला. लग्न ठरलं. ते मीच जमवलं, असं अक्का शेवटपर्यंत सांगायची.

ती माझी थोरली बहीण. पाचोऱ्याला दिलेली. मूलबाळ नव्हतं, नवरा गेला, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन नरडाण्याजवळ आमच्या गावी आली. पण भावाकडे राहते असं तिने कधी कोणाला म्हणू दिलं नाही. भिकाची, म्हणजे माझी, म्हैस उपाशी मरत होती, तिच्यासाठी आले, असं सांगायची. माझी म्हैस गावात नाव घेण्यासारखी होती हे खरं, आणि ती उपाशी कधीच नव्हती.

तिचा साखरेचा आजार वीस वर्षं जुना. तरी मिरचीचा ठेचा आणि कळण्याची भाकरी सोडली नाही. पायाला मुंग्या यायच्या, नंतर त्याही येईनाशा झाल्या. म्हणून टाचेत बाभळीचा काटा मोडला तरी तिला कळलंच नाही. कळलं ते वास सुटल्यावर. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की जखम हाडापर्यंत गेली आहे, सहा आठवडे जबर गोळ्या घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही. चुकली तर पाय जाईल, आणि या वयात पायाबरोबर माणूसही जातो.

औषधाच्या दुकानात त्या माणसाने पाकिटावर पेनाने खुणा केल्या आणि भराभर काहीतरी समजावलं. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. समजलं का आबा, असं त्याने विचारलं. समजलं, म्हणालो. चार माणसांत पुन्हा विचारणं मला जमत नाही. कधीच जमलं नाही.

चौथ्या दिवसापासून अक्काचं पोट बिघडलं. आणि जगाला पोट विचारणारी ही बाई स्वतःचं पोट लपवायला लागली. आम्ही उठायच्या आत त्या दुखऱ्या पायाने जाऊन स्वतःचं लुगडं धुवायची. सूनबाईला दोरीवर रोज ओलं लुगडं दिसलं तेव्हा उलगडा झाला. मी चिडलो, तर मला हळूच म्हणाली, "बठ्ठा जगले मी इचारस भाऊ, मन्हं पोट कोणले सांगू?" दोन दिवस गोळी टाळावी असं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, गोळी टळणार नाही. पोटाचं मी बघतो.

गोळी गरम पडते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गरमी उतरायला ताक. मी स्वतः घुसळायचो, भाजलेलं जिरं कुटून टाकायचो, आणि सकाळ-संध्याकाळ गोळी आणि पेला घेऊन तिच्यासमोर उभा राहायचो. गोळी आणि ताक एकाच घोटात. सूनबाई म्हणाली, मामा, डॉक्टरांना एकदा फोन करून विचारू. मी म्हटलं, सत्तर वर्षं ताक पितोय, ते काय आता धुळ्याहून शिकायचं? आठवड्यात पोट ठिकाणावर आलं. अक्का म्हणाली, "तुन्हं ताक म्हणजे औषधच शे." मी हे सूनबाईला मुद्दाम ऐकवलं.

पाचव्या आठवड्यात त्याच पायाची बोटं काळी पडली.

धुळ्याला दाखल केलं. गोळी चुकली नाही तर असं का व्हावं, डॉक्टरांनाही उमगेना. मग वॉर्डातल्या एका सिस्टरने पाकीट हातात घेऊन साधं विचारलं, गोळी कशासोबत घेता? अक्काने सांगितलं. सिस्टरने कपाळाला हात लावला. ही गोळी दूध, दही, ताक यांच्यासोबत घेतली तर पोटातच त्यांना चिकटून बसते, म्हणाली, रक्तात जातच नाही. गोळी पाण्यासोबत घ्यायची, ताक दोन तासांनी खुशाल प्या. आणि जुलाब पहिल्याच दिवशी सांगायचे, लाजायचं कसलं, गोळी बदलता येते. मग म्हणाली, "ताकासोबत घ्यायला सांगितलं कोणी?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

अक्का म्हणाली, "मन्हीच चूक शे बाई. हाऊ भाऊ नको म्हने, मीच आयकं नही."

तीन बोटं काढली. ताकामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, साखरही जुनी होती, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे सात-आठ महिने ती भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून असायची. आठला गोळी, पाण्यासोबत. दहाला ताक. दहाला पाच मिनिटं कमी असली तरी पेल्याला हात लावायची नाही. "हाई ताक सरकारी व्हई गयं," म्हणायची, "टाइमवरच उघडस." ठेचा सुटला, मुगाची पातळ खिचडी आली. आणि पोटाची खबर न लाजता फोनवर द्यायला शिकली. एकदा जुलाब लागले तेव्हा डॉक्टरांनी खरंच गोळी बदलून दिली. एवढंच करायचं होतं पहिल्यांदा.

नंतर ताप आला आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला. पुन्हा धुळे. शेवटच्या दुपारी सूनबाई चहा आणायला गेली तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, अक्का, ते ताक… तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोट साफ शे का तुन्हं?"

मी हो म्हणालो. तीन दिवस माझ्या पोटात अन्न नव्हतं.

आता छातीसाठी मलाही गोळ्या आहेत. पाण्यासोबत घेतो, ताकाचा पेला झाकून ठेवतो, घड्याळाकडे बघत बसतो. गावात म्हणतात, म्हातारी हट्टी होती, भाऊ नको म्हणत असताना ताक पीत राहिली. सूनबाईला खरं माहीत आहे, ती बोलत नाही. मीही आजवर ऐकून घेत आलो.

ताक मी दिलं. सूनबाईने फोन करू म्हटलं तेव्हा करू दिला नाही. अक्काने फक्त मी दिलेला पेला घेतला.