खंडेनवमीला वाजवलेलं कास्टिंग

माझा थोरला भाऊ फाउंड्रीत कास्टिंग वाजवायचा. शाहूपुरीतल्या आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत हे काम नेमकं काय, ते दर नव्या सहकाऱ्याला समजावून सांगावं लागे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून जो भाग तयार होतो ते कास्टिंग. त्याच्या कडा ग्राइंडरने घासून काढतात. मग तो भाग साखळीला टांगायचा आणि छोट्या हातोडीने एक ठोका द्यायचा. धड भाग घंटेसारखा लांबवर वाजत राहतो. आत बारीक चीर असेल तर आवाजाच्या शेपटाला किंचित झरझर लागते. अशा भागावर खडूने फुली मारायची. भावाने पास केलेले भाग पुढे ट्रकच्या ब्रेकमध्ये बसत.

वाजवण्याची जागा ग्राइंडरच्या रांगेपासून दहा पावलांवर होती. कंपनीने सगळ्यांना इअरप्लग दिले होते. ग्राइंडरवरची माणसं ते घालत, कारण त्यांच्या कामाला कान लागत नव्हते. भावाचे प्लग दोरीने गळ्यात लोंबत.

"कान झाकून वाजवू व्हय?" तो म्हणायचा. "मग हातोडी तरी कशाला, टाळ द्या की हातात."

ज्याला कानांची सर्वांत जास्त गरज होती तोच उघड्या कानांनी उभा राहत होता. अठरा वर्षं.

घरी टीव्हीचा आवाज दरवर्षी थोडा वाढत गेला. वहिनी म्हणायची, "अवो, बारीक करा की. खालच्या मजल्यावरची बी बातम्या ऐकाय लागलीत."

"ऐकू द्यात. पेपर घ्यायचं पैसं वाचलं त्यांचं," असं म्हणून तो माझ्याकडे बघायचा.

कारखान्यात वर्षातून एकदा कानांची तपासणी होई. काचेच्या खिडकीच्या छोट्या केबिनमध्ये हेडफोन लावून बसायचं आणि बारीक शिटी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. यंत्र चालवणारा टेक्निशियन काचेपलीकडे बसे. एका वर्षी जेवताना भावाने सांगितलं, "त्याचं कोपर हाललं की मी बटण दाबतोय. चार वर्सं झाली, पास हाय." तपासणीत नापास झालेल्याला हातोडी मिळणार नाही, हे त्याला माहीत होतं. फाउंड्रीत त्याला ओळख होती ती त्या हातोडीमुळेच.

मी हसलो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या आवाजावर मी तेव्हा दरवर्षी पानभर मजकूर संपादित करत होतो. भावाची गोष्ट मला बातमी वाटली नाही.

खंडेनवमीला फाउंड्रीत यंत्रांची पूजा असते. भट्टी सोडून सगळं बंद ठेवतात, ग्राइंडरला झेंडूच्या माळा घालतात आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात. त्या वर्षी मी आणि वहिनी गेलो. गेटवरचा रखवालदार मला म्हणाला, "पावणं, आज या. उद्या आलासा तर बोललेलं ऐकाय यायचं न्हाय."

शेडमध्ये खरोखरच शांतता होती. वरच्या पत्र्यावर कबुतरं चालल्याचा आवाज येत होता. भावाने हातोडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि आम्हाला काम दाखवायला घेतलं. आदल्या दिवशी पास केलेल्या ढिगातलं एक कास्टिंग त्याने टांगलं आणि ठोका दिला.

"बघ. देवळातल्या घंटीगत."

मला आवाजाच्या शेवटी काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं. पण मी या कामातला नव्हतो. बोलली वहिनी. ती कुंभाराकडून माठ घेताना दहा माठांवर टिचकी मारून एक निवडणारी बाई.

"ह्यो चिरका वाजतोय की."

"कुठं चिरका? परत ऐक."

त्याने परत ठोका दिला. तिसऱ्यांदाही दिला. तिसऱ्या वेळी तो कास्टिंगकडे बघतच नव्हता, आमच्या चेहऱ्यांकडे बघत होता. शेजारी कागलहून येणारा त्याचा सहकारी उभा होता. भावाने त्याला विचारलं, "झरझर हाय?"

"हाय," तो म्हणाला.

रोज ग्राइंडरचा आवाज असतो, म्हणून कधीमधी कमी ऐकू येतं, असं भाऊ आजवर सांगत आला होता. त्या दिवशी ग्राइंडर बंद होते. त्याने खडू घेतला, फुली मारली आणि सुपरवायझर प्रसाद वाटत होता तिकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. परत येऊन म्हणाला, "गोदामातला माल परत वाजवायचा हाय. आणि गेलेला परत मागवायचा."

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. या वेळी त्याने स्वतःच खुर्ची भिंतीकडे फिरवली. निकालाचा कागद त्याने माझ्याकडे दिला. वरच्या पट्टीच्या आवाजांची रेषा खाली कोसळली होती. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

महिन्याभरात वाजवण्याची जागा शेडबाहेर, विटांच्या भिंतीमागच्या खोलीत हलवली. अठरा वर्षं हे का झालं नाही, असं मी सुपरवायझरला विचारलं.

"कुणी मागितलं न्हाय," तो म्हणाला.

जागा हलवण्याआधीच गोदामातला माल सलग दोन दिवस परत वाजवला गेला. मी पहिल्या दिवशी दुपारी तिथे होतो. हातोडी कागलच्या सहकाऱ्याकडे होती, खडू भावाकडे. त्याच्या कानांत प्लग होते. सहकारी ठोका देई आणि मान हलवे, होकाराची किंवा नकाराची. भाऊ त्याच्या मानेकडे बघून उभा होता. एका भागाला सहकाऱ्याने नकार दिला आणि ओशाळून म्हणाला, "जाऊ दे, एवढं काय न्हाय त्यात."

भावाने एक प्लग काढला. "काय म्हणालास?"

"काय न्हाय."

"मग मान कशाला हालवलीस?" भावाने फुली मारली, भाग बाजूला ओढला आणि प्लग परत कानात घातला. "म्होरचं वाजीव."