ओलिसाचा कोट

एटोबिकोच्या आमच्या काँडोच्या लॉबीत एक म्हातारे चिनी गृहस्थ कायम कोट घालून बसलेले असायचे. जुलैतसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली, बुटांच्या नाड्या आवळलेल्या. मी ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन आत आलो की विचारायचे, "बाहेर सगळं शांत?" मी "शांत" म्हटलं की मान डोलवायचे, पण कोट काढायचे नाहीत.

एकदा मी कोटाचं विचारलंच. त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं. वडील चीनमध्ये स्वतःची फौज बाळगणारे जनरल. युद्धात आज या बाजूला, उद्या त्या. नव्या दोस्ताचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आपल्या या लहानग्या मुलाला त्याच्याकडे ओलीस ठेवलं. "कोट काढू नकोस, लगेच न्यायला येतो," म्हणाले, आणि आठवड्याच्या आत त्या दोस्तावरच उलटले.

"मला मारायचं राहूनच गेलं," म्हणून ते बारीक हसले.

गेल्या नोव्हेंबरात त्यांचा मुलगा त्यांना वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये सोडायला आला. "विंटरपुरतंच, डॅड. संडेला येतोच," म्हणाला आणि गाडी दाराशी आणायला गेला. मी त्यांची बॅग उचलली. माझ्या कानाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "हा आता कुणाला जाऊन मिळाला?"

काचेच्या दाराबाहेर बर्फ पडत होता, आणि ते शांतपणे कोटाचं एकेक बटण काढत होते.