पोरं मोजणारी बाई

माण तालुक्यातल्या त्या धनगरवस्तीवर धोंडुबाईसारखी संशयी बाई दुसरी नव्हती. नवरा जोतीराम मुंबईला गोदीत, त्यामुळं घर, मेंढरं आणि तीन पोरं तिच्या एकटीच्या गळ्यात. दारात आलेल्या परक्या माणसाला ती पाणी द्यायची, पण तांब्या परत हातात पडेपर्यंत त्याच्यावरची नजर हलवायची नाही.

शहात्तर सालचा हिवाळा होता. शाळेत न जाणाऱ्या पोरींसाठी सांगलीच्या एका संस्थेनं वस्तीवर संध्याकाळचा वर्ग काढला होता. शिकवायला शेजारच्या गावचे आकाराम गुरुजी. धोंडुबाईची थोरली राही त्या वर्गात जायची. वर्गाचा पोरींना काही उपयोग होतो का, ते विचारायला सांगलीतल्या विश्रामबागेतून त्याच संस्थेच्या चारुलताबाई आल्या. हातात छापील कागद. पहिलाच प्रश्न,

"मुलं किती?"

धोंडुबाई सावध झाली. त्या वर्षी आणीबाणीतली नसबंदीची धरपकड चालू होती. बाजाराला गेलेल्या माणसांना जीपमध्ये कोंबून नेल्याच्या बातम्या यायच्या. खऱ्या किती, खोट्या किती, देव जाणे.

"येकच. ल्योक हाय."

"आणि वर्ग कसा वाटतो?"

"ब्येस हाय."

बाई पुढच्या दारात पोचायच्या आत धोंडुबाईनं परड्यातून निरोप धाडला. मग काय, साऱ्या वस्तीला एकेकच पोर, तेही ल्योकच, आणि वर्ग सगळ्यांनाच ब्येस!

पंधरवड्यानं जीप आली. धुरळा दिसताच बायकांनी पोरी मेंढरांच्या वाडग्यात दडवल्या. चारुलताबाईंबरोबर संस्थेचे चिंतामणराव उतरले. देवळापुढं त्यांनी आकाराम गुरुजींना उभं केलं.

"वस्तीत मुलीच नाहीत, मग तुमच्या वर्गात बसतं कोण? खोटी नावं लावून पगार खाता?"

गुरुजी बायकांकडं बघत राहिले. बायकांनी पदर पुढं ओढले.

धोंडुबाईच्या मनात चलबिचल झाली. हा सापळा तर नसंल? गुरुजीच त्यांना सामील असला तर? पण त्या माणसाचे ओठ थरथरत होते. ते काही सोंग वाटेना. ती पुढं झाली.

"आवं बाई, आदी तुमी सांगा. पोरं मोजून काय करनार?"

"म्हणजे?" चारुलताबाई गोंधळल्या.

"सालभर जो आला, त्यो ह्येच इचारत आला. आन त्येच्यामागनं जीप आली."

चारुलताबाईंनी वळून जीपकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. चिंतामणराव काही बोलणार, तेवढ्यात धोंडुबाई म्हणाली, "गाडी लांब न्या. मग बोलू."

जीप माळापल्याड गेली तेव्हाच तिनं वाडग्याचं झाप काढलं. राही बाहेर आली, मागोमाग बाकीच्या पोरी, केसांत काड्या, अंगाला लेंड्यांचा वास.

दुसऱ्या दिवशी चारुलताबाई एकट्या, चालत आल्या. छापील कागद नव्हता.

"राही वर्ग कधी चुकवते?"

"रोजच निम्मा. सांजच्याला मेंढरं परतत्यात, कोकरं पाजायची असत्यात."

"मग वर्ग चांगला आहे, असं का म्हणालात?"

"दारात आलेल्या पावण्याला कोन वाईट बोलतं?"

बाई हसल्या. धोंडुबाई हसली नाही. "मालकाचं नाव मातूर लिवायचं न्हाई," तिनं बजावलं. बाईंनी लिहिलं नाही.

महिन्याभरात वर्ग दुपारचा झाला. राही अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागली. गुरुजींची नोकरी राहिली, पण धोंडुबाईशी ते बरेच दिवस बोलले नाहीत. तिच्या खोट्यापायी आपण चारचौघांत चोर ठरलो, हे त्यांच्या मनातून जाईना. तिलाही ते कळत होतं.

पुढच्या साली चारुलताबाई परत आल्या. धोंडुबाईनं घोंगडं अंथरलं, ताक दिलं, विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं. निघताना बाई म्हणाल्या, "आता बसला ना विश्वास?"

"तुमच्यावर बसला," धोंडुबाई म्हणाली. "तुमास्नी ज्येनं धाडलं, त्येच्यावर न्हाई."