पाण्यावर तरंगलेली रुई

कोणी मला ‘टाकीवरून उतर’ म्हटलं की आजही माझं टाळकं सरकतं. पांढरकवड्याजवळ हायवेला लागून प्लेटिंगचं एक छोटं वर्कशॉप आहे, मी तिथे कामाला आहे. जिनिंगच्या यंत्रांतल्या पोलादी सुऱ्यांना चिकट कापूस धरून बसतो, म्हणून आम्ही त्यांच्यावर निकेल आणि टेफ्लॉनचा मिळून एक थर चढवतो. तो चढवायची गरम द्रावणाची टाकी माझ्याकडे असते. मी येण्याआधी इथल्या बायका फक्त पॅकिंगला बसायच्या.

एका हंगामात थर सुटायला लागला. सुरीच्या कडेला नख लावलं की पापुद्रा निघायचा, आणि जिथे टिकायचा तिथे बोटाला पांढरट भुकटी लागायची. माल परत येऊ लागला. आमचे जुने मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरीच्या हातात टाकी देल्ली, आता भोगा. हिले पॅकिंगवर बसवा.” शेठनी मला शेवटची एक खेप दिली. ती बिघडली तर पॅकिंग.

मी रडले नाही. राग आला की माझं डोकं उलट नीट चालतं. टाकीची उष्णता, आंबटपणा, ढवळणं, सगळं तपासलं. सगळं बरोबर होतं. मग मागे मागे जात धुण्यापर्यंत पोचले. गरम सोड्यातून आणि साध्या पाण्यातून काढलेली सुरी उजेडात धरली, तर पाणी तिच्यावर सलग पसरलेलं. म्हणजे तेलाचा लवलेश नाही. टाकीची पाळी येईपर्यंत ओल्या पोलादावर गंज धरतो, म्हणून यानंतर आम्ही सुऱ्या पुसायचो. पुसलेली सुरी मी पुन्हा पाण्यात बुडवून काढली. आता तिच्यावर अळूच्या पानासारखे थेंब थेंब झाले होते.

पुसायला काय होतं? रुई. मारेगावकडच्या आमच्या शेतातला कापूस, जिनमधून सरकी काढून आणलेला, पांढराशुभ्र. गोणीभर मीच आणला होता. आधीची मळकी फडकी मीच नाक मुरडून फेकायला लावली होती.

बादलीत रुईचा एक पुंजका टाकला. तो तरंगत राहिला, कोरडाच. मलमपट्टीच्या डब्यातला कापूस टाकला, तो पाणी पिऊन तळाला गेला. कच्च्या रुईच्या तंतूवर मेण असतं. दवाखान्याच्या कापसाचं ते धुऊन काढलेलं असतं. लहानपणापासून कापूस वेचणारी मी, धुतलेल्या पोलादाला रोज मेण चोळत होते! तेच मेण टाकीत उतरून टेफ्लॉनच्या गुठळ्या करत होतं, त्याचीच ती भुकटी. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

गप्प बसणं सोपं होतं. शेठना तोवर रसायन पुरवणाऱ्यावर संशय येऊ लागला होता. गोणी गुपचूप घरी नेली असती तर माझं नाव कुठेच आलं नसतं. पण दुसऱ्याच्या माथी मारून टाकीवर उभं राहायचं, तर त्यापेक्षा पॅकिंग काय वाईट? मी बादली उचलली आणि शेठ आणि मिस्त्री, दोघांसमोर नेऊन ठेवली.

“चूक माही हाय,” मी म्हणाले. “रुई मीच आनली. पन चूक शोधली बी मीच. टाकी रिकामी करून नवं द्रावन भरू द्या. पॅकिंगवर मी बसनार नाई.”

मिस्त्री भडकले. “चूक कबूल करून वरून अकडून राह्यली?”

“व्हय. तुमी बी त्याच रुईनं पुसून राह्यलते ना काका? तुमाले काहून नाई दिसलं?”

शेठ बोटाने तो पुंजका बुडवत राहिले. तो पुन्हा पुन्हा वर यायचा. शेवटी ते म्हणाले, “भर टाकी.”

त्या खेपेच्या सुऱ्या मी न पुसता, धुतल्या धुतल्या टाकीत सोडल्या. त्यांच्यासोबत टाकीत सोडलेली नमुन्याची पट्टी वाकवून पाहायला मिस्त्रीच पुढे झाले. व्हाइसच्या पकडीत धरून, दात ओठ खाऊन त्यांनी ती काटकोनात वाकवली. थर हलला नाही. बोट फिरवलं, ते स्वच्छ निघालं. त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि चहा प्यायला निघून गेले.

उरलेली रुई मी उघडपणे, सगळ्यांच्या देखत घरी नेली. आईने त्या रुईची उशी शिवली. लाज वाटली असती तर मी ती जाळलीच असती. त्याच उशीवर मी झोपते, आणि सकाळी टाकी तापवायला सगळ्यांच्या आधी पोचते.