नावांची वही

कुणालाही तोंड उघडायला सांगण्याआधी मॅडम स्वतःचं तोंड उघडत. खेड्यातल्या ओसरीवर मांडी घालून बसायच्या, हातातली टॉर्च समोरच्या बाईकडे द्यायच्या आणि म्हणायच्या, "आधी माझं बघा. मग मी तुमचं बघते."

सटाण्याजवळच्या एका म्हातारीने टॉर्च मारून त्यांचं तोंड अगदी कसून तपासलं आणि निकाल दिला, "तुमना तोंडमा त् एक बी दात किडेल नई शे!" सगळी ओसरी हसली. मॅडमही. मग म्हातारीने मुकाट्याने आ केला. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

मॅडम नाशिकच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. मी तिथे प्रयोगशाळा सहायक होतो. पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. सत्तरच्या दशकाचे शेवटचे दिवस होते. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर घराण्यातून उतरतो का, हा मॅडमचा संशोधनाचा विषय. भाजक्या तंबाखूची मिसरी सगळ्याच बाया दातांना लावतात, मग रोग एकीलाच का होतो आणि तिच्या शेजारणीला का होत नाही, हे त्यांना शोधायचं होतं. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी त्या यात घालवायच्या. एसटीने सटाण्याकडे, बागलाणात जायचं, लाकडी पट्टीने गालाची आतली बाजू हलकेच खरवडायची, ते काचपट्टीवर पसरायचं आणि घरातल्या माणसांची माहिती लिहून घ्यायची. सोबत मी.

माझं अक्षर आणि रेघ चांगली, म्हणून वंशावळीचे तक्ते काढायचं काम माझ्याकडे आलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला रोग झाला त्याची खूण काळ्या शाईने भरायची. तक्त्यावर नाव कधीच नसायचं, फक्त आकडा. कुठला आकडा कुठल्या घराचा, हे एका वहीत होतं आणि वही कपाटात कुलपात. "पगारे," त्या मला म्हणायच्या, "लोक आपल्याला घरातलं मरण सांगतात. ते आपल्यापाशीच राहिलं पाहिजे." हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं, की मी ऐकणं सोडून दिलं होतं.

वही कुलपात असली तरी मी त्या घरांत जाऊन आलेला होतो, हे कुठल्या कुलपात घालणार?

सिन्नरला माझी थोरली बहीण राहायची. तिच्या मुलासाठी नामपूरचं एक स्थळ आलं. नाव ऐकल्याबरोबर मी ओळखलं. आमच्या एका तक्त्यातलंच घर होतं ते. मुलगी चुणचुणीत, मॅट्रिक झालेली. मॅडम माहिती लिहून घेत तेव्हा घरातल्या सगळ्यांची जन्मसालं तीच सांगायची.

"अरे, तू तिकडं जातो ना? माणसं कशी हाय?" बहिणीने विचारलं.

"माणसं चांगली आहेत," मी म्हणालो. तिथेच थांबायला हवं होतं. पण भाचा माझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. आणि खरं सांगायचं तर, चारचौघांना ठाऊक नसलेलं मला ठाऊक आहे, याचीही एक गुर्मी होती. मी म्हणालो, "पण घरात तोंडाचा रोग आहे. पणजी गेली, आजी गेली, आता काकूला झालाय. माझ्या हातानेच तक्ता काढलाय मी."

बहिणीने नकार कळवला आणि मध्यस्थाला तक्त्यासकट कारणही सांगून टाकलं. माझं नाव तेवढं घेतलं नाही.

पुढच्या सुट्टीत आम्ही नामपूरला गेलो तेव्हा मुलीची आई दारातच उभी राहिली. 'या' म्हणाली नाही. "पोरनं लगन मोडनं, बाई," ती म्हणाली. "सिन्नरनं स्थळ व्हतं. तुमना कागदनी मोडं." आतून ती मुलगी बघत होती. तिने मॅडमकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या गल्लीतल्या एकाही घराने मग आम्हाला आत घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या. सटाणा आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पगारे, वही तर कुलपात होती. मीच कुठे बोलून गेले असेन का? स्टाफरूममध्ये वगैरे?"

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "असेल, मॅडम."

दुसऱ्याला फसवणारे तुम्ही-आम्ही बरेच पाहिले असतील. पण समोरचं माणूस स्वतःवरच संशय घेतंय आणि आपण त्याला मान डोलावतोय, हे मी माझ्याच बाबतीत पाहिलं. दोन महिने मॅडम स्टाफरूममध्ये चहालासुद्धा गेल्या नाहीत.

मग भाच्याचं लग्न दुसरीकडे ठरलं. मी रजेचा अर्ज दिला, सोबत लग्नाची पत्रिका. मॅडमनी ती वाचली. निमंत्रक म्हणून माझ्या मेहुण्यांचं नाव होतं आणि खाली पत्ता, सिन्नर.

"तुमची बहीण?"

"हो."

"म्हणजे त्या दिवशी बसमध्ये…" त्यांनी पत्रिका मिटली. रजेवर सही केली. मग कपाटातून त्या घराचा तक्ता काढून माझ्यासमोर पसरला. "हे तीन काळे गोल तुम्हीच भरलेत ना? नीट बघा."

मी बघितलं. पणजी, आजी, काकू. तिन्ही गोल आडव्या, म्हणजे लग्नाच्या रेघेने घराण्याला जोडलेले. तिघीही सुना. बाहेरून आलेल्या. त्या घराच्या रक्ताची एकही नाही.

"रोग रक्तातून उतरला नाही, पगारे. मिसरीची डबी सासूकडून सुनेकडे आली. ती मुलगी मिसरीला हात लावत नाही. तुमच्या बहिणीला हे सांगाल?"

मी सांगितलं. बहीण म्हणाली, "आता काय उपयोग? अक्षता पडतील परवा." मॅडमना स्वतः गावात जाऊन हे सांगता आलं नसतं असं नाही. पण त्यासाठी त्या घरातलं मरण चारचौघांत मांडावं लागलं असतं, आणि ते त्यांच्याकडून होणं शक्य नव्हतं.

त्यांनी माझी तक्रार केली नाही. ओरडल्याही नाहीत. फक्त मला तक्ते द्यायचं बंद केलं. पुढच्या सुट्टीत वहीची पानं फाडून त्या एकट्या बागलाणात गेल्या आणि ज्या घराचं पान त्या घराला देऊन आल्या. वर्षानुवर्षं त्याच घरांत जाऊन बघायचं काम होतं ते. कुठला आकडा कुठल्या घराचा हेच मिटलं, काम संपलं. डॉक्टरेट राहिली. पाचसहा वर्षं त्यांनी नुसतं शिकवलं, मग नोकरी सोडून कुठेतरी भावाकडे गेल्या. निरोप समारंभात सगळ्यांशी बोलल्या. मला म्हणाल्या, "बरंय, पगारे."

त्यानंतर एकदा सटाण्याच्या स्टँडवर कडेवर मूल घेतलेली एक बाई माझ्यासमोर येऊन थांबली. "तुम्ही बाईंबरोबर यायचे ना?" मी ओळखलं. तिचं लग्न उशिरा झालं, पण झालं होतं. काकू ते स्थळ मोडलं त्याच वर्षी गेली, म्हणाली. आईने मात्र मिसरी सोडली. मग तिने विचारलं, "बाईंनी का सांगितलं हो तेव्हा? आम्ही किती विश्वास ठेवला होता त्यांच्यावर."

"बाईंनी नाही," मी म्हणालो. "मी सांगितलं. सिन्नरची ती माझी बहीण."

ती माझ्याकडे बघत राहिली. मूल तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं. तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नामपूरच्या गाडीत जाऊन बसली.

हे मॅडमना कळवायला हवं होतं. पण माझ्याकडे त्यांचा पत्ता नव्हता. त्यांनी तो मला दिला नव्हता, आणि मागायचं तोंड मला नव्हतं.