बाभळीचा ठोकळा

कोल्हापूरच्या स्टँडवर एसटी लागली होती, माझी ट्रंक टपावर चढली होती, तरी आबांचं एकच चाललं होतं. "कार्ड वरच्या खिशात हाय न्हवं? मागितलं की लगीच दाव. चाचपत बसू नगंस." आबा म्हणजे माझे वडील. गावात शिलाईकाम करायचे. मी नव्या मुंबईला निघालो म्हणून त्यांनी मला दोन शर्ट शिवले होते आणि दोन्हींच्या छातीवर झाकणाचा, बटणाचा खिसा लावला होता. खिसा बेतला होता माझ्या फोर्कलिफ्ट चालवायच्या परवान्याच्या कार्डावरून. कार्ड आत सरकवलं की इकडचं तिकडे व्हायचं नाही.

सुनंदा मनीषाला कडेवर घेऊन जरा मागे उभी होती. सासऱ्यांसमोर ती काय बोलणार? जे बोलायचं ते आदल्या दिवशीच झालं होतं. ऑपरेटर म्हणून लागलो की खोली बघायची आणि दोघींना घेऊन जायचं, उशिरात उशीर म्हणजे दिवाळी. "कार्ड आहे आपल्याकडे, लागायला काय वेळ?" हे मीच ऐटीत म्हणालो होतो. ऐट करायला माझं काय जात होतं, एसटी अजून कोल्हापुरातच होती.

ते कार्ड मला कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीनं दिलं होतं. तिथं ओतलेले लोखंडी भाग पेट्यांत भरून फोर्कलिफ्टनं इकडून तिकडं न्यायचं माझं काम. मला शिकवलं दत्तूनानांनी. नाना फौंड्रीतले सगळ्यात जुने ऑपरेटर, तोंडानं फटकळ. शिकवताना मागे उभे राहायचे आणि चुकलं की डोक्यात टपली. कार्डावर माझा फोटो, कंपनीचा शिक्का आणि कोपऱ्यात नानांची वेडीवाकडी सही. ती सही मिळाली त्या दिवशी मी गावात पेढे वाटले होते.

आमच्या फौंड्रीत जमीन म्हणून काही दिसायचीच नाही. सगळीकडे साच्यांची जळकी, काळी वाळू. फोर्क, म्हणजे गाडीचे पुढचे दोन लोखंडी हात, पार खाली सोडले की त्या वाळूत रुतायचे आणि गाडी हलली की नांगरासारखे जमीन उकरायचे. म्हणून प्रत्येक ऑपरेटरचा स्वतःचा एक बाभळीचा ठोकळा असायचा. गाडी थांबवायची, फोर्क वीतभर वर ठेवायचे, खाली उतरायचं, पायानं ठोकळा आत सरकवायचा आणि बाहेरूनच दांडी ओढून फोर्क त्यावर टेकवायचे. हे आम्ही गप्पा मारता मारता करायचो. दसऱ्याला गाडीला हार घातला की ठोकळ्यालाही हळदकुंकू. माझ्या ठोकळ्यावर मी तापल्या सळईनं माझ्या नावाचं अक्षर डागलं होतं. पुढं फौंड्रीच्या ऑर्डरी कमी झाल्या, सगळ्यात नवीन माणसं आधी कमी केली, त्यात मी होतो. निघताना ठोकळा तिथंच राहिला. लाकडाचा तुकडा कोण घेऊन जातो?

कुणीतरी सांगितलं होतं की न्हावा शेवाला बंदरावर माल एवढा येतो की फोर्कलिफ्टवाल्यांना जेवायला उतरू देत नाहीत. ते खरंही होतं. बंदराजवळच्या एका यार्डात मी पोचलो, तिथं कंटेनर उघडून माल गोडाऊनमध्ये लावायचे. पिवळ्या गाड्या मुंग्यांसारख्या आत-बाहेर करत होत्या. यार्डाचे इन्चार्ज सावंतसाहेब, मूळचे कणकवलीकडचे, हाडकुळे, सदा घाईत. मी न चाचपता झटकन कार्ड काढलं. त्यांनी ते पुढून बघितलं, मागून बघितलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"चांगलं आहे. पण हे तिकडचं झालं. इथे चालत नाय."

मला वाटलं, माणसाला काही कळत नाही. मी वाद घातला. म्हटलं, साहेब, ट्रकवाला गाव बदलतो म्हणून काय त्याचं लायसन फुकट जातं का? ते हसले. "अरे बाबा, रस्ता सरकारचा, म्हणून लायसन सरकारचं. यार्ड आमचं. गाडी आमची, जमीन आमची, खाली चालणारी माणसं पण आमची. तुला येतं ते तुझं, ते कोण काढून घेत नाय. पण परवानगी आमी देणार. आधी आमी बघणार, शिकवणार, टेस्ट घेणार, मग आमचं कार्ड. टेन्शन नको घेऊ. गाडी मोकळी झाली की टेस्ट. तोपर्यंत लेबरमध्ये लाग."

आणि मी गोणी उचलायला लागलो. शर्ट आबांचा, खिशात कार्ड आणि पाठीवर गोणी. खाली वाकलं की कार्डाची कड छातीला टोचायची. समोरून माझ्या वयाची माणसं गाड्या चालवत जायची आणि माझ्या डोळ्यांना त्यांच्या चुकाच दिसायच्या. हा वळण फार मोठं घेतो, तो ब्रेक उगाच दाबतो. राग गिळायला मी तेवढंच करू शकत होतो.

द्रोणागिरीकडच्या एका जुन्या गावात मला पत्र्याची खोली मिळाली. घरमालकीण आगरी बाई, मी तिला मावशी म्हणायचो. तिची भातशेती टाऊनशिपसाठी गेली होती आणि तिच्या बांधावर आता कुंपणाची तार होती. संध्याकाळी मी दारात नुसता बसलेला दिसलो की ती हाक मारायची, "एकटा कवरा बसशील रं? ये, जवला हाय, भाकरी हाय." तांदळाची ती पांढरीशुभ्र भाकरी बघून मला जोंधळ्याच्या भाकरीची आठवण यायची आणि घास फिरायचा. मावशीला ते कळायचं. एकदा म्हणाली, "माजी शेती गेली तवापासून मी पन इथं पावनीच हाय." त्या दिवशी मी ताटातली भाकरी संपवली.

मला एकटं वाटायचं, हे सरळ सांगतो. माणसं नव्हती म्हणून नाही. यार्डात माणसं ढीगभर होती. पण मला काय येतं हे माहीत असलेलं एकही माणूस त्या सगळ्या गर्दीत नव्हतं. शिरोलीत मी गाडीचा आवाज ऐकून सांगायचो कोण चालवतंय. इथं मी गोणी टाकली तर कुणी टाकली हे बघायलाही कुणी मान वळवायचं नाही. एसटीडी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावायचो, दुकानदार आबांना बोलवून आणायचा. आबा विचारायचे, "खिसा बराबर झालाय न्हवं?" मी म्हणायचो, अगदी मापाचा. पुढं विचारायचं त्यांनाही धाडस होत नव्हतं.

दिवाळी जवळ आल्यावर टेस्ट झाली. मी म्हटलं, आता बघा. पॅलेट, म्हणजे माल रचलेली लाकडी चौकट, उचलली, कंटेनरमध्ये नेली, दोन्ही बाजूंना पत्र्याला न लावता ठेवली, तशीच उलटी बाहेर आणली. लेबरमधली माझी माणसं काम सोडून बघत होती. गाडी रेषेत लावली, हँडब्रेक ओढला, फोर्क वीतभर वर ठेवले, उडी मारून खाली उतरलो आणि वाकून ठोकळा शोधायला लागलो.

ठोकळा कुठला? खाली गुळगुळीत काँक्रीट होतं. सावंतसाहेबांनी शिट्टी मारली. "फोर्क हवेत ठेवून उतरला तो फेल. बाकी कितीही भारी चालव. उद्या कोणाचा पाय गेला खाली, मग?" मी सांगायला गेलो की आमच्याकडे वाळू असते, लाकूड असतं. ते म्हणाले, "म्हणूनच तर बोललो, तिकडचं कार्ड इथे चालत नाय." पहिल्यांदा ते वाक्य मला कळलं, आणि कळल्यामुळेच जास्त लागलं. दिवाळीला मी गावी गेलो नाही. सुनंदाला फोनवर खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मग आता ठोकळा विसरा की." एवढं सोपं असतं तर!

पुढच्या टेस्टला पास झालो. कंपनीचं कार्ड मिळालं, ते आकारानं मोठं होतं. आबांच्या खिशात मावेना, दोरीनं गळ्यात अडकवायचं होतं. जुनं कार्ड खिशात तसंच राहिलं. सुनंदा आणि मनीषा आल्या. पहिल्याच दिवशी सुनंदानं चहूकडे बघून विचारलं, "ह्यात माणसं कुठं राहत्यात? सगळी गोडाऊनच दिसतायत." वर्षं गेली, मी सीनियर झालो, आम्ही टाऊनशिपमध्ये छोटा फ्लॅट घेतला. आमच्या सोसायटीत सगळेच कुठून ना कुठून आलेले. सावंतसाहेब आता नव्या ऑपरेटरांची टेस्ट माझ्यावर सोपवून ऑफिसात बसायचे. शिट्टी माझ्या गळ्यात आली.

आणि एका सकाळी यार्डाच्या गेटवर दत्तूनाना उभे. फौंड्री कायमची बंद झाली होती. केस पांढरे, खांदे उतरलेले, पण आवाज तोच. "काय रं, वळखलंस का साहेब झालास?" पिशवीतून त्यांनी आधी कार्ड नाही काढलं, माझा ठोकळा काढला. अक्षर तसंच होतं, कडा झिजलेल्या. "फौंड्री झाडून न्यायला लागली, म्हटलं तुजा तुला द्यावा." मी ठोकळा हातात धरून गेटवर उभा राहिलो आणि मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले.

नानांना काम हवं होतं. पोरगा हाताशी आला नव्हता, आणि त्या वयात दुसरं कुठं जाणार? त्यांनी फौंड्रीचं कार्ड पुढं केलं. ज्या माणसानं माझ्या कार्डावर सही केली, त्यालाच मला सांगावं लागलं, "नाना, हे इथं चालत नाही." आमच्या घरी जेवताना मी त्यांना बजावलं, फोर्क पार जमिनीला टेकवायचे, मगच उतरायचं. "आरं व्हय, ल्हान हाय का मी?" म्हणाले, आणि सुनंदाकडून आणखी एक भाकरी घेतली. खूप दिवसांनी आमच्या घरात जोंधळ्याच्या भाकरीचं कौतुक करणारं कुणी बसलं होतं.

टेस्टला नानांनी गाडी अशी चालवली की माझे ऑपरेटर तोंडात बोट घालून बघत राहिले. शेवटी गाडी रेषेत आणली. हँडब्रेक. फोर्क वीतभर वर. आणि नाना उतरले, वाकले आणि पाय पुढं करून ठोकळा चाचपू लागले.

शिट्टी माझ्या ओठांत होती. वाजेना. सगळं यार्ड माझ्याकडे बघत होतं, आणि त्यांच्यापैकी कुणालाही कळत नव्हतं की हा म्हातारा काय शोधतोय. फक्त मला कळत होतं. नानांनी वर बघितलं, स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "वाजीव की. तोंडात घालून गप का?" मी वाजवली. ते जवळ आले. मला वाटलं, टपली बसणार. "बराबर हाय तुजं," म्हणाले. "उद्या कुनाचा पाय आला आसता म्हंजे?" मग तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

नाना आमच्याकडेच राहिले. रोज शिफ्ट संपली की मी त्यांच्या मागे उभा राहायचो आणि एकच गोष्ट घोटून घ्यायचो. त्यांना टपली मारायची माझी काय छाती, नुसता "नाना" म्हणायचो. पुढच्या टेस्टला फोर्क खाली आले, आणखी खाली आले आणि काँक्रीटवर ठण्ण वाजले. पास. मी हात पुढं केला, पण नाना सीटवरून उतरेनात. दांडी धरून समोर बघत बसले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो आवाज ऐकला आणि एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं मी कुठेही असलो तरी माझ्या मनात ती फौंड्री चालू होती, तिथं नाना ठोकळा सरकवून चहाला चालले होते. ते आता इथं, माझ्यासमोर, काँक्रीटवर होते. तिकडं कुणीच उरलं नव्हतं.

नानांनी यार्डात काही वर्षं काम केलं आणि मग गावी परतले. आबा गेले. त्यांनी शिवलेला एक शर्ट अजून कपाटात आहे, खिशात जुनं कार्ड घालून. ठोकळा स्वयंपाकघरात आहे. आधी त्याच्यावर उभी राहून मनीषा वरचे डबे काढायची, आता सुनंदा काढते. तुम्ही जे गावाकडेच राहिलात ते मला विचारता, घर आठवतं का? गावी गेलो की अर्धं घर आता माझ्या ओळखीचं नाही. इथल्या फ्लॅटला मी घर म्हणतो, पण म्हणताना किंचित थांबतो. जे माझ्यासारखे निघाले त्यांना हे थांबणं ठाऊक असेल.

अजूनही नवीन माणसं येतात, बिहारची, तमिळनाडूची, आपल्या सोलापूर-नगरची. झटकन कार्ड पुढं करतात. मी पुढून बघतो, मागून बघतो, परत देतो आणि सावंतसाहेबांचं वाक्य म्हणतो. त्यांचा चेहरा पडतो. मग मी विचारतो, "तुमच्याकडं गाडी लावली की फोर्क कशावर ठेवायचे?" आधी ते चमकतात. मग कुणी सांगतो, जुन्या टायरच्या तुकड्यावर. कुणी सांगतो, भुशाच्या पोत्यावर, नाहीतर शेठ ओरडायचा. सांगता सांगता त्याचा पाय आपोआप पुढं सरकतो आणि जमिनीवर नसलेली ती वस्तू नीट करतो. तेवढा वेळ तो त्याच्या घरी असतो आणि मी माझ्या. मग मी शिट्टी हातात घेतो आणि म्हणतो, चला, बसा गाडीवर.