याला राग कशानं येतो?

सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर साखर आली, गूळ आला, कापडाच्या गाठी आल्या, तरी तात्या मान वर करत नसत. पण गवतात गुंडाळलेली तेजाबाची बरणी आली की धोतराचा सोगा खोचून असे धावत, जशी काही लेक माहेरी आली आहे. हमाल तिला भिऊन दूर सरकायचे आणि तात्या तिच्याभोवती फिरून बूच घट्ट आहे का, गवत कोरडं आहे का, सगळं डोळे मोठे करून बघायचे. मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आली बघा! आता खरं काम." त्यांचं पाळण्यातलं नाव मला माहीत होतं, पण धक्क्यावर ते तेजाबतात्याच होते.

मी तिथे काट्यावर होतो, म्हणजे आलेला माल तोलायचा. तात्यांकडे त्याहून अवघड काम होतं. आगगाडीने जाणारा धोक्याचा माल कोणत्या जातीचा आहे ते ठरवायचं, त्यावर त्या जातीच्या रंगाची चिठ्ठी डकवायची आणि तो कुणाशेजारी बसणार, कुणाशेजारी नाही ते सांगायचं. साहेबाच्या कचेरीत या कामाचं जाड इंग्रजी पुस्तक होतं आणि ते तात्यांना जवळजवळ तोंडपाठ होतं. पण माल घेऊन आलेल्या माणसाला ते पुस्तकातलं काही विचारत नसत. त्यांचा एकच प्रश्न असे, "याला राग कशानं येतो?"

नवा माणूस गोंधळायचा. धोक्याचं ते धोक्याचं, त्यात आणखी काय बघायचं? मग तात्या रंगात येत. "आवो, वाघ धोक्याचा आनि विंचू बी धोक्याचा. पर विंचू पिंजऱ्यात घालून काय उपेग? गजातनं बाहीर येतोय की!" कुणाला ठिणगीचा राग, कुणाला धक्क्याचा, कुणाला नुसत्या पाण्याचा. बंदुकीच्या दारूत पडतो तो सोरा स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्या शेजाऱ्याला असा चेतवतो की विझता विझत नाही. त्याला तात्या 'चुगलखोर' म्हणत. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की विषारी वायू सुटतो, म्हणून ती दोघं त्यांच्या लेखी भावकी. मालगाडीच्या एका वाघिणीत, म्हणजे डब्यात, नांदायची नाहीत. हे सगळं ते आपल्या वळसंग गावच्या रांगड्या बोलीत इतक्या आनंदाने सांगत की ऐकणाऱ्यालाही वाटे, आपल्या घरात एखादी तरी बरणी असायला हवी होती.

हा चष्मा त्यांनी कधी डोळ्यांवरून उतरवला नाही. माणसांनाही ते चिठ्ठ्या लावत. आमचा हेडक्लार्क सोरा. स्टेशनातला चहावाला उघडं रॉकेल. एकदा त्यांच्या घरी जेवताना वहिनींनी विचारलं, माझी कोणती जात लावली आहे ते कळू दे की. तात्या म्हणाले, स्फोटक. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मग धक्का न लावता ठेवा." त्यावर तात्याच सगळ्यांत जास्त हसले.

माझी जात त्यांनी तेलकट बोळ्याची लावली होती. गिरणीत यंत्रं पुसून झालेल्या सुताच्या बोळ्याची. मी स्वभावाने मुका. सगळं गिळायचो, आणि एक दिवस हेडक्लार्कच्या टेबलावर पाच शेरी वजन आपटून मोकळा झालो. सगळे हबकले, तात्या मात्र खूश. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्तू, तेलकट बोळा दोरीवर पसरून टाकला तर काय हुईत न्हाय. गठ्ठा बांदून कोपऱ्यात कोंबला की आतल्या आत तापतोय आनि पेटतोय. काडी बी लागत न्हाय." त्या वेळी मी ते थट्टेवारी नेलं.

व्यापाऱ्यांना मात्र तात्या म्हणजे डोकेदुखी. माल अडला की ते साहेबाकडे तक्रार करत. शेवटी साहेबाने तात्यांना बोलावून सांगितलं, आणखी एक तक्रार आली तर दूरच्या स्टेशनात बदली. वळसंगला तात्यांचे थकलेले वडील होते, मेंढरं होती; दर आठवड्याला तात्या तिकडे जाऊन यायचे. सोलापूर सुटणं म्हणजे त्यांच्या जिवावरचंच. तरी कचेरीतून बाहेर आले ते आम्हालाच धीर देत.

आणि ती एक तक्रार केली नरसय्याने. नरसय्या भवानी पेठेतला रंगारी, तात्यांचा जिवलग. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि तात्यांशी दोन्हींची मिसळ. त्याचा मेहुणा दुधनीला साड्यांचं सूत रंगवायचा. त्याच्याकडे पाठवायला नरसय्याने पत्र्याची पिंपं आणली आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, रंग आहे. रंगाऱ्यांची ही रीतच होती. रंगाच्या कढईत जे पडतं तो सगळा रंग. तात्यांनी एका पिंपाचा वास घेतला आणि त्यांचे डोळे चमकले. तो हायड्रो होता, पक्का निळा रंग सुतात उतरवायला लागणारी पांढरी भुकटी. "नरसय्या, ह्यो रंग न्हाय. ह्याला पान्याचा राग हाय." पाण्याचा राग असलेल्या मालाची वेगळी चिठ्ठी, वेगळी कोरडी वाघीण, आणि ती यायला वेळ लागणार. लग्नसराई तोंडावर, दुधनीला कढया खोळंबलेल्या. नरसय्या म्हणाला, तात्या, रोज पाण्यातच टाकतो ना मी ते, पाण्याचा कसला राग? दोघांचं वाजलं. नरसय्या तडक साहेबाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः नरसय्याला घेऊन धक्क्यावर आला. वैशाखातलं सोलापूर, पत्र्यावर पोळी भाजून निघावी असं ऊन. कालच्या भांडणात हलवायची राहिलेली पिंपं कापसाच्या गाठींच्या रांगेला लागूनच उभी होती. आमच्या भीमा हमालाने सगळ्यांवर माया केली होती. उन्हाळ्यात आम्ही दारं-खिडक्यांना ओलं तरट लावतो, तुपाच्या डब्यांवर ओलं तरट टाकतो. तसंच त्याने भोळेपणाने या पिंपांवरही चिंब भिजवलेलं तरट टाकलं होतं. एका पिंपाचं झाकण फाटलं होतं, हे त्याला काय ठाऊक!

तात्या समोरून येता येताच थबकले. नाक वर केलं. पाठोपाठ आम्हालाही तो जळक्या गंधकाचा वास आला, आणि तरटाखालून पांढरा धूर निघाला. नरसय्याने बादली उचलली. त्याचा काय दोष? आग दिसली की माणूस पाण्याकडेच धावतो. तात्यांनी धावत जाऊन ती बादली लाथेने उडवली.

"पानी नगं! माती आना, कोरडी माती!"

तात्यांनी उपरणं नाकाला बांधलं, बांबूने ते तरट दूर फेकलं आणि पिंपाला पहार लावली. मी दुसऱ्या बाजूने. खोकत, डोळे चोळत आम्ही ते उतारावरून लोटलं. घरंगळत ते मोकळ्या पटांगणात गेलं, तिथे फुसफुसत पेटलं, आणि भीमाने अन् नरसय्याने त्यावर कोरड्या मातीची घमेली पालथी केली. मागे कापसाच्या गाठी होत्या तशाच उभ्या होत्या. साहेबाच्या हातातली टोपी खाली पडली होती.

तात्या धापा टाकत होते, भुवया करपल्या होत्या आणि चेहऱ्यावर जत्रेतला आनंद. "बगितलं? बोललो हुतो की न्हाय? रागावला बगा!" नरसय्याला त्यांनी दोष दिला नाही. त्याच्या गळ्यात हात टाकून एवढंच समजावलं की कढईत पाणी रगड असतं, तिथे हा बिचारा बुडून जातो. ओंजळभर ओल मिळाली की मात्र डोक्यात राख घालतो. नरसय्याने तिथल्या तिथे तक्रार मागे घेतली. उरलेली पिंपं कोरड्या वाघिणीतून, चिठ्ठ्या लावून, दुधनीला पोचली.

बदली टळली म्हणून आम्ही पेढे खाल्ले, आणि तिथेच फसलो. साहेबाने वर इतकं भरभरून लिहिलं की महिन्याभरात हुकूम आला. असा माणूस मुंबईच्या गोदीत हवा. बढती होती, नाही म्हणायची सोय नव्हती. चूक काढून तात्यांना सोलापुरातून कुणी हलवू शकलं नाही, गुणाने हलवलं.

निघायच्या दिवशी तात्या मुंबईच्या गोष्टी सांगत होते. तिथे म्हणे अशा अशा जिनसा उतरतात की त्यांचं नाव घ्यायलाच दम लागतो! वडिलांचा विषय निघाला तेव्हा मात्र ते क्षणभर पिशवीची गाठ उगाच सोडत-बांधत राहिले. नरसय्या एक गाठोडं घेऊन आला. तात्यांनी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "धोतरं आहेत तात्या. सुती. कोरडी. ठिणगीचा राग आहे, बाकी कशाचा नाही." तात्यांनी त्याची पाठ थोपटली.

मी बाजूला उभा होतो, दात आवळून. गाडीने शिट्टी दिली. तात्या खिडकीतून माझ्याकडे वाकले.

"दत्तू, गठ्ठा बांदून ठिवलास व्हय? पसर की रं."

गाडी हलली, आणि मी भर फलाटावर, हमालांच्या देखत, ढसाढसा रडलो. पेटलं काहीच नाही.